दोन बोटं उंच सीट

माझ्याकडे एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीटा, वर कापडी टप. तिच्या आतल्या कामाबद्दल मी आमच्या जुन्या गाड्यांच्या मित्रमंडळात जे पसरवलं, ते खोटं होतं. ते आता नीट लिहून ठेवतो.

काम माझ्या व्याह्यांनी केलं. विठ्ठलवाडीला त्यांचा सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायचा कारखाना आहे. मुलीच्या लग्नानंतर ते ठाण्याला आमच्याकडे जेवायला आले आणि खाली गाडी पाहून थबकले. सीटांतून काथ्या लोंबत होता, दारांची अस्तरं उंदरांनी कुरतडलेली.

"अहो व्याही, काय ही दशा! द्या पाठवून माझ्याकडे."

पावसाळाभर गाडी तिकडे होती. परत आली ती मरून रंगाचं चामडं, कडेनं पांढरी पायपिंग, खाली नवा गालिचा लेऊन. मी हरखलो. मग आत बसलो, तर चालकाची सीट शेजारच्या सीटपेक्षा दोन बोटं उंच. टप लावला की माझं टक्कल कापडाला घासायचं.

आता व्याह्यांना तोंडावर कसं सांगणार? आम्ही मुलीकडचे. "फर्स्ट क्लास!" म्हणालो आणि पेढे हातावर ठेवले. रविवारी मित्रांनी विचारलं तेव्हा मात्र जीभ सुटली. "मुलगी दिलीय रे तिथे, काय बोलणार? सोफेवाल्यानं सोफाच केलाय." सगळे खो खो हसले. दोघं जण आपल्या गाड्या त्यांच्याकडे देणार होते. त्यांनी त्या दुसरीकडे नेल्या.

पुढे माझे गुडघे चांगलेच कुरकुरायला लागले. एकदा मुलगी माहेरी आली असताना मला गाडीतून उतरताना बघून म्हणाली, "बाबा, बरं झालं ना पप्पांनी सीट उंच केली?" सासऱ्यांना ती पप्पा म्हणते.

"म्हणजे, मुद्दाम केली?"

"मग काय! लग्नात पंगतीतून उठताना तुम्ही खांब धरला होतात, ते पाहिलं त्यांनी. म्हणाले, विचारलं तर नको म्हणतील, आणि चार वर्षांनी गाडी विकायला काढतील."

त्याच रात्री मी व्याह्यांना फोन करून आमच्या मित्रमंडळाच्या रविवारच्या भेटीला बोलावलं.

पुढच्या रविवारी मी व्याह्यांना डोंबिवलीला त्यांच्या घरून घेतलं आणि शीळफाट्याच्या आधीच गाडी कडेला लावून सगळं सांगितलं. त्यांनी वाकून गालिच्याची शिलाई चाचपली.

"ते दोघं आले नाहीत तेव्हा वाटलं, आपल्या शिलाईतच काही चुकलं," ते म्हणाले. "मग जुन्या गाडीचं काम घेतलंच नाही मी पुन्हा."

मी माफी मागू लागलो. ते म्हणाले, "चला, उशीर होतोय. तुमच्या लोकांना भेटू तरी."

मित्रांसमोर मी माझं बोलणं शब्दन्‌शब्द परत घेतलं, सीट उंच का आहे तेही सांगितलं. हसले, पण या वेळी मला. आमच्यातले सर्वात थोरले, गाडी विकायच्या विचारात असलेले, माझ्या सीटवर बसले, उतरले, पुन्हा बसले.

"माझी कराल का हो अशी?"

"आधी खाली मांडी घालून बसा आणि उठून दाखवा," व्याही म्हणाले. "त्याशिवाय माप कळत नाही."

आणि ते गृहस्थ सगळ्यांदेखत डांबरावर बसले.

त्यांची गाडी सध्या विठ्ठलवाडीला आहे. माझी मी अजून चालवतो, या वयात. ज्यांच्यामुळे चालवतो, त्यांनी नंतर तो विषय एकदाही काढला नाही.