एल्काला एकशेऐंशी ग्रेन

मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. मी मारलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे झुरळ, तेही चपलेनं आणि तिसऱ्या प्रयत्नात. तरीही आमच्या सासुरवाडीत खुनाचा कट रचल्याचा आरोप झालेला मी एकटाच जावई आहे.

त्याचं असं झालं. आम्ही तेव्हा कॅनडात, वॉटर्लूला राहत होतो. माझा नागपूरचा मित्र विलास ओटावाजवळ नोकरीला होता. त्या वर्षी ऑन्टारिओत एल्काची शिकार पहिल्यांदाच खुली झाली. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा ना. घोड्याएवढं धूड!) सोडत काढून मोजक्या लोकांना परवाने मिळणार होते, आणि ज्याला उभ्या जन्मात साधी हाऊजी लागली नव्हती, त्या विलासला परवाना लागला! तोही मादीचा.

"सांग ना बे, कोणती रायफल घेऊ?" त्यानं फोनवर विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं?"

"तू वाचत राहतोस ना बे काहीबाही!"

झालं! मला एखादी गोष्ट कळत नाही असं निघालं की मला चैन पडत नाही. पुढचे तीन आठवडे ऑफिसात कोड कमी आणि शिकाऱ्यांच्या वेबसाइटी जास्त. एक म्हणतो, एल्काला दोनशे सत्तरची रायफल बास झाली. दुसरा म्हणतो, तीनशे मॅग्नमशिवाय रानात पाऊल टाकू नका. तिसरा म्हणतो, मॅग्नमचा खांद्याला असा दणका बसतो की माणूस घाबरून चाप ओढतानाच डोळे मिटतो आणि गोळी झाडाला लागते! मला तर हे फारच पटलं. (मी झुरळ मारतानाही डोळे मिटतो.) शेवटी मला एवढं कळलं की रायफल आपल्याला झेपेल ती घ्यावी, गोळी जरा वजनदार घ्यावी (बंदुकीच्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात) आणि खरी गंमत गोळी कुठे लागते यात आहे. जनावर आडवं उभं असताना खांद्याच्या जरा मागे, छातीच्या खालच्या अंगाला. दोन्ही फुफ्फुसं एका फटक्यात. जनावराचे हाल नाहीत. शाकाहारी असूनही मला ते वाचून बरं वाटलं.

इकडे घरात वेगळीच धामधूम होती. गणपती दोन आठवड्यांवर आले होते आणि माझ्या बायकोनं, मंजिरीनं, रिचमंड हिलहून अलकाआत्यांना बोलावलं होतं. या तिच्या सख्ख्या आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सासरे, आप्पा, निवृत्त डॉक्टर, आमच्याकडेच खाली बेसमेंटमध्ये राहायचे. या बहीण-भावात सहा वर्षं अबोला! आत्यांच्या मुलीच्या लग्नात आप्पा भर पंगतीत म्हणाले होते, "श्रीखंड आंबट आहे." बस्स. तेव्हापासून फोन बंद.

"दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास आहेत रे," मंजिरी मला म्हणाली होती. "यंदा नाही तर कधीच नाही. तू फक्त एक कर. काही करू नकोस!"

मी काहीच केलं नाही. मी फक्त विभक्ती लावली.

माझी आई शाळेत मराठी शिकवायची. इंग्रजी शब्द वापरलाच तर त्यालाही प्रत्यय नीट लागला पाहिजे, हा आमच्या घरचा कायदा. उंट, उंटाला. बैल, बैलाला. तसंच एल्क, एल्काला. आप्पांच्या एका कानात यंत्र आणि दुसऱ्या कानात काहीच नाही, हे आईला कुठे माहीत होतं?

त्या शनिवारी मंजिरी ग्रोसरीला गेली होती. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरात चहासाठी आलं किसत विलासशी बोलत होतो. स्पीकरवर नव्हे, म्हणजे आप्पांना फक्त मी ऐकू येत होतो.

"हे बघ, एल्काला साधी गोळी पुरायची नाही. हाडापेरानं भलतीच मजबूत असते ती... हो, एकशेऐंशी ग्रेनचीच दे... छे, दोन कशाला? एकाच गोळीत काम व्हायला हवं. तिचे हाल नकोत रे!... पडली तरी लगेच जवळ जायचं नाही, अर्धा तास थांबायचं... अरे, चौघांनी ओढली तरी हलायची नाही!... फ्रीजरमध्ये जागा आहे ना?"

फोन ठेवून मी चहा घेऊन बाहेर गेलो. आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"श्रीकांतराव," ते म्हणाले, "गोळी कितीची म्हणालात?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरात कुणीतरी विषयात रस घेतला!

"एकशेऐंशी ग्रेन, आप्पा."

"ग्रेन? आम्ही शिकत होतो तेव्हा औषधं ग्रेनमध्ये देत. अ‍ॅस्पिरिनची गोळी पाच ग्रेनची. एकशेऐंशी? एकदम?"

"कमी दिली तर आतपर्यंत पोचत नाही ना!"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"इंटरनेटवर वाचलं."

"अहो, मरेल ना ती!"

"आप्पा, तोच तर उद्देश आहे!"

आप्पा उठले. चहाला हात न लावता, माझ्याकडे पाठ न करता, उलट्या पावली बेसमेंटच्या दारापर्यंत गेले. तिथे थांबून एवढंच म्हणाले, "आणि वर एकेरीत!" मग दार लागलं. कडीही लागली.

मंजिरी आली तेव्हा मी दार ठोठावत होतो.

"आप्पांना काय बोललास तू?"

"काही नाही गं. एल्काबद्दल बोलत होतो."

"अलकाआत्याबद्दल काय?"

"आत्याबद्दल नाही, एल्काबद्दल!"

"तेच विचारतेय ना! अलकाबद्दल काय?"

आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. एल्का... अलका!

तेवढ्यात खालून आप्पांचा आवाज आला. यंत्रवाले लोक फोनवर बोलतात तसा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"अलके! अलके, मी दादा बोलतोय! तू त्याच्या हातचं काही खाऊ नकोस!... अगं, माझा जावई! फ्रीजरपर्यंत ठरलंय त्याचं!... पोलीस नको म्हणतेस? बरं... अलके, माझं चुकलं गं. श्रीखंड आंबट नव्हतं. माझंच तोंड कडू होतं त्या दिवशी."

मी दाराकडे धावलो. मंजिरीनं माझी कॉलर धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खबरदार एक शब्द बोललास तर! सहा वर्षांनी बोलतायत ती दोघं!"

"अगं, पण मी खुनी ठरतोय!"

"ठर!"

दोन आठवडे मी खुनी म्हणून सुखानं नांदलो. आप्पा स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि माझ्याकडे बघत प्यायचे. गणपतीच्या आदल्या दिवशी मंजिरीनं त्यांना सगळं उलगडून सांगितलं. एल्काचा फोटो दाखवला तेव्हा आप्पा इतके हसले की कानातलं यंत्र पडलं.

गणपतीला आत्या आल्या. बहीण-भाऊ गळ्यात पडून रडले, मीही थोडा रडलो. जेवताना आप्पांनी रंगवून रंगवून सगळा किस्सा आत्यांना सांगितला. आम्ही हसत होतो. आत्या हसत नव्हत्या.

"म्हणजे श्रीकांतराव 'हाडापेरानं भलतीच मजबूत' एल्कला म्हणाले होते?"

"हो गं!" आप्पा म्हणाले.

"आणि 'चौघांनी ओढली तरी हलायची नाही'?"

"तेही एल्कलाच!"

आत्यांनी मोदक ताटात ठेवला. "आणि दादा, ते ऐकून तुला मी आठवले?"

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मला डोळ्यांसमोर आणखी सहा वर्षं दिसायला लागली, आणि मी शाकाहारी जावई, डोळे मिटून बोलून गेलो,

"आत्या, आप्पांची काही चूक नाही. तेवढी दोन वाक्यं मी खरंच तुमच्याबद्दल म्हणालो होतो."

विलासला रानात तीन दिवस बसून एकही एल्क दिसली नाही. बहीण-भाऊ मात्र तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर फोनवर बोलतात. विषय मीच असतो.