बहिणीच्या खिडकीतला कावळा

मी संशय घेण्याचा पगार घेतो. वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर आलेला माल तपासायचं काम माझ्याकडे आहे. पेटी उघडली की वरचा थर देखणाच असतो. डागी फळ वर ठेवण्याइतका साधा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी वरची फळं बाजूला करतो आणि खाली हात घालतो. कधी बारका माल लागतो, कधी मऊ पडलेला, कधी नुसतंच गवत. वर्षानुवर्षं हेच केलेला माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? बायको म्हणते, तुम्ही ताटातली पोळीसुद्धा उलटून बघता. बघतो. करपलेली बाजू नेहमी खालीच असते.

त्यामुळे धाकट्या बहिणीचं स्टेटस फोनवर दिसलं तेव्हा मी ते लगेच उघडलं नाही. हे मला दिसतंय कसं, हा पहिला प्रश्न. स्टेटस दिसायला दोघांच्या फोनमध्ये एकमेकांचा नंबर लागतो. माझ्याकडे तिचा होता, काढायचा राहून गेला होता असं समजा. पण तिनं माझा का ठेवला होता? वडील, आमचे अण्णा, गेले त्यांच्या दहाव्यापासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

बहीण नावड्याच्या कॉलनीत राहते. मेव्हणा तळोज्याला कारखान्यात आहे. तो प्यायचा, आणि इतकी प्यायचा की पगाराच्या दिवशी बहीण गेटवर जाऊन उभी राहायची. मग शेजारची एक बाई तिला प्रार्थनेला घेऊन गेली. हळूहळू मेव्हणाही जायला लागला, त्याची दारू सुटली, आणि दोघांनी ख्रिस्ताचा मार्ग धरला. दारू सोडायची तर सोडा की, देव बदलायचं काय काम? मला वाटलं, कुणीतरी फूस लावली, काहीतरी हातावर ठेवलं असणार. काय ठेवलं ते मी खूप शोधलं. घर तेच भाड्याचं, मेव्हण्याची सायकलही तीच. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर माझा संशय दुप्पट झाला.

अण्णांचा दहावा आम्ही दिवाळे गावच्या खाडीकाठी केला. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. आता मला कळतं, तिथले कावळे सुक्या मासळीवर पोसलेले, त्यांना भाताच्या गोळ्याचं काय कौतुक! पण तेव्हा ऊन चढत होतं, चुलते खाकरायला लागले होते, आणि बहीण एका बाजूला डोळे मिटून, ओठ हलवत तिची प्रार्थना करत उभी होती. एकेकाची नजर तिच्याकडे वळली. थोरला म्हणून मलाच बोलावं लागलं.

"तू जरा लांब जाऊन उभी राहा," मी म्हणालो.

ती रस्त्यापर्यंत गेली. तिथून तशीच रिक्षानं निघून गेली. आणि कावळा शिवला. चूक काय, बरोबर काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. शिवला एवढं खरं.

तेव्हापासून आई माझ्याकडे आणि लेक नावड्याला. आईला गुडघ्यांमुळे एकटीनं जिना उतरवत नाही. लेकीला घरी बोलवायचं तर शब्द मीच टाकायला हवा, कारण घालवली मी होती. आई तसं तोंडानं म्हणत नव्हती. पण सणाला ताटं वाढताना एक ताट जास्त मांडायची आणि मग उचलून ठेवायची. मी बघायचो.

शेवटी दुपारच्या सुट्टीत, गाळ्यामागे पेट्यांवर बसून मी ते स्टेटस उघडलं. स्कूटरच्या मागच्या सीटवर एक शेळी ऐटीत बसली होती. डोक्याला हेल्मेट, आणि सिग्नलला ती शेजारच्या गाडीवाल्याकडे असं बघते की जणू त्यानंच चूक केली. मला इतकं हसू आलं की हमाल वळून बघायला लागले. आणि पुढच्याच चौकटीत बहीण, डोक्यावर पदर घेतलेली, एक वचन वाचून दाखवत होती.

अस्सं! म्हणजे शेळी वरच्या थराला आणि खरा माल खाली. लोकांना हसवायचं आणि हसता हसता गळाला लावायचं. हे तिला कुणी शिकवलं असेल?

मी पाळत ठेवायची ठरवली. माझ्या फोनवर बघितल्याच्या निळ्या खुणा बंद असतात, त्यामुळे मी काय बघतो ते कुणाला कळत नाही. रोज बघू लागलो. बँकेच्या रांगेत उभं राहिलेलं बदक. कोबीशी भांडणारा कुठल्यातरी देशातला म्हातारा. पंख्याच्या वाऱ्यात डुलक्या घेणारा पोपट. असली खुळी माणसं आणि खुळी जनावरं आम्हा दोघांनाही लहानपणापासून आवडायची. बदकाचा व्हिडिओ मी तीनदा बघितला, तपासणीसाठी. प्रत्येकानंतर तिचं वचन आणि दोन वाक्यं. ती आपल्या देवांना नावं ठेवेल, आमच्या घराचा उद्धार करेल, देणगी मागेल, म्हणून मी कान टवकारून बसायचो. एकदा मेव्हण्याच्या दारूची साक्ष दिली, तीही त्याला शेजारी बसवून. बाकी काही नाही. फारच हुशारीनं चाललंय, असं मला वाटलं.

एकदा घरी बघत होतो, तर आईनं आतून विचारलं, "कोन बोलतंय रं?"

"कुणी नाही. व्हिडिओ आहे."

"मग मोठ्यानं लाव की."

मी फोन खिशात टाकला. आईलाही मग माझा संशय यायला लागला असावा.

आणि मग कावळा आला. हा तिनं स्वतः काढलेला व्हिडिओ. नावड्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा येतो, गजावर चोच आपटतो, आणि भाकरी मिळेपर्यंत हलत नाही. खाली पाखरांची काळजी घेणाऱ्या देवाबद्दल काहीतरी. माझं डोकंच फिरलं. जगात एवढी जनावरं आहेत, हिला कावळाच सापडला? हा मला टोमणा होता. त्या दिवशी आला नाही, आता बघ माझ्या हातून रोज खातो, असं ती सगळ्या जगासमोर मला सुनावत होती. रागानं मला दुपारभर माल दिसेना.

तरी दुसऱ्या दिवशी बघितलंच. रोज कावळा, रोज भाकरी. एका रविवारी सकाळी घरी बसून बघताना ती व्हिडिओत हळूच म्हणाली, "बघा, आधी पापुद्राच काढतो. अगदी आमच्या..." आणि थांबली. पुढे वचन.

अगदी आमच्या कोण, ते मला ठाऊक होतं. अण्णा भाकरी मोडण्याआधी तिचा पापुद्रा अलगद सोडवायचे, त्यावर तेल-मीठ घालायचे आणि आधी तो खायचे. अर्धा हिला द्यायचे, धाकटी म्हणून. मला कधी दिला नाही.

पण कावळ्याला काय पापुद्र्याचं? कावळा भाकरीवर तुटून पडतो. मी व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला. हा खाली हात घालायचा क्षण होता. आणि सापडलं! भाकरीची कड आधीच उचललेली होती. कावळा येण्याआधी तिनं पापुद्रा स्वतःच्या बोटांनी सोडवून ठेवला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बनवाबनवी हाताला लागली, आणि मला पकडायची अशी घाई झाली की मी त्याच स्टेटसखाली लिहून पाठवून दिलं: "पापुद्रा तू आधीच सोडवून ठेवलेला आहेस."

पाठवल्यावर लक्षात आलं, मी काय करून बसलो. चोरून बघणाऱ्यानंच आरोळी ठोकली होती.

ती लिहीत असल्याचं दिसत होतं. थांबायची, परत लिहायची. मला वाटलं, आता नाकारेल, वाद घालेल. मी तयारीतच बसलो होतो.

"हो," तिनं लिहिलं. "रोज सोडवते. आमच्यात असलं काही मानत नाहीत, कुणाला सांगू नको. पण त्या दिवशी मी रिक्षात बसले, अण्णांचा कावळा बघायचा राहिला."

मी ते वाचलं आणि मला बसवेना. गॅलरीत गेलो, परत आत आलो. तिला किती लागलं असेल, हे मी कधी खाली हात घालून बघितलंच नव्हतं. फोन पुन्हा वाजला.

"दादा, तू बघतोस?"

मी लिहिलं, "कधीतरी." ते खोडलं. "रोज," असं लिहून पाठवलं. मग आईला बाहेर बोलावलं, कावळ्याचा व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला आणि फोन तिच्या हातात दिला.