देव्हाऱ्यातला रोटर

फौजेत माझं काम म्हाताऱ्या गाड्या जगवायचं. एक गाडी कायमची आडवी झाली की तिचे भाग काढायचे आणि त्यावर दुसऱ्या उभ्या करायच्या. पेन्शनीवर चारठाण्याला आलो तरी खोड गेली नाही. लिलावातून फौजेचीच एक जुनी पेट्रोल जीप आणली. ट्रॅक्टरचे दिवे, भंगारातल्या एसटीची सीट, कुठल्याशा मोटारीचा रेडिएटर बसवून तिला ‘नवी’ केली. बायको म्हणायची, "अवो, हिच्यात मूळचं काय ऱ्हायलंय?" मी म्हणायचो, "हिंमत!"

दुसरी खोड रोटरची. फौजेत गाडी उभी केली की इंजिनातला रोटर काढून खिशात टाकायचा. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसली की प्लगला ठिणगी मिळत नाही आणि शत्रूला गाडी पळवता येत नाही. आता चारठाण्यात शत्रू कोण? माझी जीप ढकलून वैतागलेले शेजारी तेवढे होते, आणि त्यांना ती फुकट दिली असती तरी नको होती. तरी संध्याकाळ झाली की मी रोटर काढायचा म्हणजे काढायचाच.

त्या वर्षी लेक दहावीला होती. माझ्या थोरल्या भावानं तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. पोरगी पास झाली तर पुढं शिकेल, नाहीतर अक्षता. केंद्र जिंतूरला. दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे, आज बंद तर उद्या दगडफेक, एसटीचा भरवसा नसायचा. मी मिशीला पीळ देऊन जाहीर केलं, "लेक माझ्या जीपमधून जाईल!" लेक गप्प बसली. मला वाटलं, आनंदानं गप्प बसली.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिनं पेन आणि हॉल तिकीट देव्हाऱ्यात ठेवलं. मला भरून आलं. दसऱ्याला हत्यारं पुजतो, मग आज का नाही? मीही रोटर पेनाशेजारी ठेवला, भस्म लावलं आणि हात जोडले.

सकाळी जीप सुरू होईना. प्लग काढले, कार्ब्युरेटर उघडला, बॅटरीच्या तारा घासल्या. रोटरचं टोपण तेवढं उघडलं नाही. रोटर मी रोज स्वतः बसवतो, म्हणजे बसवलेलाच असणार! बायको ओरडली, "काय करायलात? पोरीचा पेपर बुडंल की!" तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. मेली नेमकी त्या दिवशी वेळेवर! लेक पळत जाऊन तीत बसली.

मग देवापुढं नाक घासायला गेलो तर समोर रोटर. अरे गाढवा!

नाक कापलं गेलं होतं, ते जोडायला दुपारी जीप घेऊन जिंतूरला गेलो. "लय सोपा गेला पेपर," लेक म्हणाली. परत येताना अर्ध्या वाटेत जीप बसली. मी स्टेअरिंग धरलं, ती ढकलायला मागं गेली.

"अप्पा, रागवणार न्हाई ना? रोटर मला सकाळीच दिसला होता. पेनाच्या बाजूलाच होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला पेपर द्यायचा होता, अप्पा."

आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गिळलं. लेक मागून ढकलत होती आणि मी गुमान स्टेअरिंग सरळ धरून बसलो.