स्वयंपाकघर हॉलमध्ये आलं तेव्हा

जुळे सोलापुरातला माझा फ्लॅट लहान, जुना आणि रंगाने ताकासारखा पांढरट. नवरा गेला, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा मी ठरवलं, आता घराने तरी नटायचं. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडायला घेतली. मिस्त्रीने पहिला घाव घातला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. बिचारा दचकून स्टुलावरून खाली उतरला. मग एक बाजू पोपटी, एक झेंडूसारखी, कपाटं मोरपंखी. ओटा थेट सोफ्यासमोर. मी भाकरी थापणार आणि समोर माणसं बसणार! सगळा खटाटोप त्या माणसांसाठीच होता.

माणसं म्हणजे वरच्या काकू आणि समोरच्या वहिनी. रोज दुपारी यायच्या, पण हॉलमध्ये कधी टेकल्या नाहीत. सरळ आत स्वयंपाकघरात, फरशीवर बसकण मारून शेंगा सोलत काकूंच्या सुनेची हजेरी घ्यायची. ती एक सून आम्हाला वर्षभर पुरली होती.

काम संपलं त्या दुपारी नाटकाचा पडदा उघडावा तसं दार उघडून मी दोघींना आत घेतलं.

"अगं बाई, लई भारी की!" म्हणत काकू पदर सावरून सोफ्याच्या कडेला बसल्या.

"खाली बसा की, नेहमीसारखं."

"हितं? जिन्यातनं येणारा-जाणारा बघतोय की!"

"मग दार लावते."

"दुपारचं दार लावून बसायचं?" वहिनी हसल्या. "लोकांना वाटंल, काय शिजतंय आत!"

आमच्या जिन्यात दुपारी कोणी दार लावत नाही, हे मी भिंत पाडताना साफ विसरले होते. चहा ट्रेमधून दिला, बशीसकट. मग हळूच विचारलं, "सूनबाई काय म्हणतात?"

काकूंनी जिन्याकडे पाहिलं. "काय न्हाय. बरी हाय."

बरी हाय! मी हादरलेच.

चहा संपताच दोघी उठल्या. आता मैफल वहिनींच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात भरते. मीही जाते, सगळ्यात मोठ्याने हसते, आणि चारला परत येते.

परवा मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, सगळं घर दाखव ना!" मी मध्ये उभी राहून एक गिरकी घेतली. संपलं घर.

"मस्तच गं! येतात का सगळ्या?"

"अगं, गर्दी असते नुसती," मी म्हटलं, आणि तिला रिकामा सोफा पुन्हा दिसू नये म्हणून फोन भिंतीकडे वळवला.