थिनरचा वास

नेरूळच्या त्या घरात दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर होतं. आतल्या खोलीची खिडकी कायम बंद असे आणि तिच्या फटींना चिकटपट्टी लावलेली होती. कारण धूळ. एका बाजूला डोंगरातल्या दगडखाणी, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींची बांधकामं. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने लिहिता यायचं. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी सुकल्यावर तो फोडासारखा दिसतो. भावोजी त्या खोलीत रंग मारत, म्हणून खिडकी बंद. रात्री मी तिथेच झोपायचे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मुंबईत एका दैनिकात मुद्रितशोधक होते आणि ताईकडे राहत होते. भावोजी तुर्भ्याला एका गॅरेजमध्ये खरे ट्रक आणि टेम्पो रंगवत. सुट्टीच्या दिवशी घरी छोटे ट्रक. मुंबईतला एक व्यापारी रिमोटवर चालणारे ट्रक परदेशातून आणवून हौशी गिऱ्हाइकांना विकायचा. त्यांच्या बॉड्या कडक पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, हातभर लांब आणि बिनरंगाच्या असत. गिऱ्हाईक सांगेल तो रंग भावोजी द्यायचे.

कामाची रीत ठरलेली होती. साच्याचं तेल जावं म्हणून बॉडी आधी साबणाच्या पाण्याने धुवायची. मग ओल्या पॉलिशपेपरने हलकेच घासायची. जिथे रंग नको तिथे कागद चिकटवायचा. छापील कागदाची शाई प्लॅस्टिकला लागते, म्हणून छपाईच्या रिळाच्या शेवटी उरलेला कोरा कागद मी प्रेसमधून आणायचे. ताई बॉडी तारेला टांगून सावकाश फिरवायची, भावोजी रंग फवारायची गन लांब धरून पातळ हात मारायचे, मी दिवा धरायचे. एक हात, मग थांबायचं, मग दुसरा हात. तोंडाला रुमाल फक्त भावोजींच्या असे, तोही मिशीवर रंग बसू नये म्हणून.

अवघड गोष्ट एकच होती, थिनर. लोखंडी पत्र्याला कुठलाही थिनर चालतो. प्लॅस्टिकला तो खातो. तुर्भ्याला सुटा थिनर मिळायचा आणि त्यात काय मिसळलेलं असेल याचा नेम नसायचा. जहाल निघाला तर पाच मिनिटांत बॉडीवर बारीक भेगांचं जाळं उमटे आणि मग ती फेकून द्यावी लागे. भावोजी डबा विकत घेण्याआधी टोपण नाकाशी धरत. जहाल थिनर नाकात टोचतो, चांगला किंचित गोडसर असतो, असं ते सांगायचे. दुकानातच त्यांनी कितीतरी डबे परत केले होते. ते दिसले की दुकानदार आपण होऊन मागचा डबा काढायचा.

मग एक लाल ट्रक असाच भेगा पडून फुटला. महिन्याभराने एक पिवळा. व्यापाऱ्याने निरोप पाठवला की या बॉड्या सुट्या मिळत नाहीत. आणखी एक गेली तर काम दुसऱ्याला देईन.

त्याच सुमारास एका सकाळी दूध करपलं. ताई खाली पाणी भरायला गेली होती. मी वासाने झोपेतून उठून धावत गेले. भावोजी स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसले होते. पातेलं काळं झालेलं पाहून त्यांनी विचारलं, हे कधी झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आंबलेली आमटी दोनदा वाढून घेतली. ताई म्हणाली, "नाक काय गॅरेजात ठेवून आलात?" ते हसले.

रविवारी मात्र त्यांनी टोपण माझ्यापुढे धरलं. मला ते चिडवायला वार्ताहर म्हणत. "वार्ताहर, जरा हुंग. मला सर्दी आहे."

ती सर्दी वर्षभर टिकली. त्या वर्षात प्रत्येक डबा मी हुंगला. सुरुवातीला फरक स्पष्ट कळायचा. दोन डबे मी परत पाठवले आणि भावोजी खूश झाले. नंतर सगळेच डबे चांगले यायला लागले. मी म्हणायचे, "चांगला आहे," आणि ते गन भरायचे. त्यातलाच एक थिनर घालून मारलेला निळा ट्रक फुटला. आम्ही तिघांनी मिळून दुकानदाराला दोष दिला. भावोजींनी व्यापाऱ्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. व्यापाऱ्याने शेवटची म्हणून एक बॉडी दिली. तो त्याचा स्वतःचा ट्रक होता, काळा करायचा होता.

त्या रविवारी अकरापर्यंत काळ्याचे दोन हात मारून झाले. तिसरा राहिला होता. भावोजींनी नवा डबा काढून ठेवला. ताई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात दार वाजलं. जवळच्या सारसोळे गावची मासळीवाली दर रविवारी यायची. डोक्यावर पाटी असल्यामुळे ती बेल दाबत नसे, हाताने दार बडवायची. ताई आगपेटी हातात घेऊनच दार उघडायला आली.

"गॅस सुटलाय तुमचा," मासळीवाली म्हणाली. "खालच्या जिन्याशी वास येतंय. तुमाना येत नाय?"

मग तिला आगपेटी दिसली.

"ती पेटी दे माझ्याकडं."

तिने पाटी उंबऱ्यात टेकवली, पेटी कमरेला खोचली आणि सरळ आत गेली. सिलिंडर बंद केला, स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मग आतल्या खोलीत येऊन चिकटपट्टी ओढून काढली आणि तीही खिडकी उघडली. रबरी नळी तिला लगेच सापडली; शेगडीच्या तोंडाशी ती भेगाळली होती. पाटी उचलताना ती म्हणाली, "घरान तिघा मानसा, नि एकाला पन नाक नाय."

भावोजींना वास येत नव्हता हे मला ठाऊक होतं. ताईही आपल्या सर्दीची कुरकुर करायची. पण मी सकाळपासून घरात होते.

मी स्वयंपाकघरात गेले आणि हिंगाची डबी काढली. हिंग मी आदल्याच दिवशी आणला होता. सगळं दुकान वासाने भरतं म्हणून वाण्याने तो दोन कागदांत गुंडाळून दिला होता. मी डबी उघडून नाकाशी धरली. पुन्हा धरली. मागून ताईने विचारलं, काय शोधतेस. तिने डबी घेतली, हुंगली आणि म्हणाली, "उडालाय याचा वास. दुसरा आणावा लागेल."

मुद्रितशोधकाला पहिल्या दिवशी एक धोका सांगतात. नजर सरावली की छापलेलं दिसत नाही, असायला हवं ते दिसतं. निळ्या ट्रकचा थिनर मी हुंगला तेव्हा मला वास आला होता, असं मी शपथेवर सांगितलं असतं. डबा थिनरचा होता. वास यायलाच हवा होता.

आतल्या खोलीत भावोजी काळ्या बॉडीसमोर उकिडवे बसले होते. खिडकीतून आलेली धूळ टपावर दिसत होती. ती बसली तेव्हा दुसरा हात पुरता सुकला नव्हता. त्यांनी पॉलिशपेपर भिजवून टप घासला, पुसला, उजेडात धरून पाहिला. मग उठून खिडकी लावली आणि नव्या चिकटपट्टीने फटी बुजवल्या. नव्या डब्याचं टोपण फिरवून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

"मला येत नाही," मी म्हणाले. "गॅसचा आला नाही. हिंगाचाही येत नाही."

टोपण त्यांच्या हातात तसंच होतं. ताई दारात उभी होती, हिंगाची डबी अजून तिच्या हातात. त्यांनी हात तिच्याकडे वळवला.

ताईने वाकून टोपण हुंगलं.

"चांगला आहे," ती म्हणाली.

भावोजींनी गन भरली. ताईने डबी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तारेला टांगलेला ट्रक फिरवायला घेतला.