मी शांत केलेला समुद्र

वयाच्या दहाव्या वर्षी मी एकदा अख्खा अरबी समुद्र शांत करून टाकला होता. रागाच्या भरात. आणि तोही किनाऱ्यावर जाऊन नव्हे, तर घनसावंगीच्या पुढं, गोदाकाठच्या आमच्या गावात, चुलीच्या धुरात उभी राहून. समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर; घरातल्या कुणी तो पाहिलेला नव्हता, मी तर नव्हताच नव्हता. पण एवढा मोठा मूर्खपणा करायला समुद्र बघितलेला असावा लागत नाही, हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

आता माझी नात फोनवर बोट फिरवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत करताना मला सांगते, "आजी, कोकणात वारा मंद, समुद्र शांत." तिनं 'शांत' म्हटलं की माझे हात भांड्यांवर थबकतात. "तुला समुद्राची भीती वाटते का गं?" ती विचारते. "खवळलेल्याची न्हाई वाटत," मी म्हणते. ती खो खो हसते. मीही हसते. हसण्यात मी पहिल्यापासून पटाईत...

त्या काळी आमच्या घरचा समुद्र एका रेडिओत राहायचा. कातडी कव्हरातला, भोकाभोकांचा, उन्हानं तापलेल्या चामड्याचा आणि तंबाखूचा वास येणारा तो रेडिओ माझ्या वडिलांचा – आम्ही त्यांना दादा म्हणायचो. तो भिंतीतल्या फळीवर असे आणि त्याला मागून उघडायचा अधिकार दादांशिवाय कुणालाच नव्हता. थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन कोकणात गेली तेव्हापासून त्या रेडिओला घरात मान आला. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, शाळामास्तर. आमच्याच भागातले, पण नेमणूक मिळाली ती पार समुद्राच्या काठावर. खाडीच्या अलीकडं तालुक्याचं गाव, दवाखाना, बाजार; पलीकडं त्यांची शाळा आणि तिच्यासमोर वाळूचा किनारा. जाणं-येणं होडीनं. तिला तिकडं 'तर' म्हणतात. समुद्र खवळला की तर बंद, असं अक्का पहिल्या वर्षी सांगून गेली आणि झालं... रोज संध्याकाळी, बातम्या संपून हवामान लागलं की आमचं घर गप्प व्हायचं. सेल उतरलेले असायचे, आवाज डासासारखा. म्हणून मी फळीखालच्या पाट्यावर चढून कान लावायची आणि ऐकलेलं मोठ्यानं पुढं सांगायची. अंगणातल्या दादांना ऐकू जावं, चुलीपुढच्या मायला ऐकू जावं, असं. "कोकण किनारपट्टीवर समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये!" गोदावरीच्या कोरड्या वाळूत शेळ्या चारणाऱ्या गावात मी मच्छीमारांना दटावत असे. काय तो माझा तोरा! दोन वेण्या, गळकं नाक, आणि आवाज मात्र दिल्लीहून बातम्या देणाऱ्या बाईचा.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला अक्का आणि दाजी आले. खिरीच्या दुधाला उकळी येत होती तेवढ्यात तिची लोखंडी पेटी ओट्यावर टेकली आणि घरात दोन नवे वास शिरले – सुक्या बोंबलांचा आणि दुसरा एक खारट, ओलसर, ज्याला आमच्याकडं नावच नव्हतं. पेटीच्या कोपऱ्यांत पांढरी वाळू होती. मी ती चिमटीत धरून चाटली. "अगं, साखर हाय का ती!" अक्का ओरडली, आणि मग पोट धरून हसली. वाळली होती ती. गालाची हाडं वर आली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. माय तिच्याकडं बघायची आणि पुन्हा तवा बघायची.

रात्री अंगणात गोधड्या पडल्या की अक्का तिच्या किनाऱ्याचं सांगायची. तिकडं त्याला पुळण म्हणतात. "आमच्या पुळणीला डोंगराची आड हाय, रंजे. भाहेर समुद्र किती का आदळंना, आत पानी कसं – परातीतल्यावानी. वारा डोंगराला धडकतो अन् माघारी जातो. पोरं बिनघोर डुंबतेत." मी विचारायची, मग तर बंद का होते? "पावसाळ्यात ती आड पुरत न्हाई," ती म्हणायची आणि कूस बदलायची. त्या बदललेल्या कुशीत काय होतं, हे समजायचं माझं वय नव्हतं, आणि अक्कलही नव्हती.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान लागलं, आणि खरोखरच समुद्र खवळलेला निघाला! मी ओरडून सांगितलं. दादा अंगणातून म्हणाले, "मंग उद्याचं ऱ्हाऊ द्या. परवा निघा." दादा मोठे शिस्तीचे. दिल्या लेकीनं ठरल्या दिवशी सासरची वाट धरायची, त्यात मागं-पुढं नाही, असं त्यांचं पक्कं होतं. माय कधी "चार दिस ठेवून घेऊ की" म्हणाली, तर ते नुसतं खाकरायचे आणि विषय मिटायचा. त्या माणसाला समुद्रानं एक दिवस मागं सारलं होतं. मी पाट्यावरून उतरले ती एका वेगळ्याच ताकदीनं.

दुसऱ्या संध्याकाळी कान लावला, तर रेडिओ मुका. खट्ट नाही, खर्र नाही. सेल पार उतरले असणार. सांगितलं तर दादा नवे सेल आणतील, नव्या सेलात समुद्र शांत निघेल, आणि अक्का जाईल... हा सगळा हिशेब त्या कार्टीनं एका श्वासात केला. शाळेत तिला तीनचा पाढा येत नव्हता. मी कान तसाच चिकटवून ठेवला, डोळे मिटले आणि दिल्लीच्या बाईच्या आवाजात सांगून टाकलं – "समुद्र आजही खवळलेला."

"ऱ्हाऊ द्या मंग," दादा म्हणाले.

त्या दिवसांचं काय सांगू! कडब्यात घातलेल्या आंब्यांच्या अढीचा वास घरभर दाटलेला, दुपारी बाहेर ऊन पांढरंफट्ट आणि आत सारवलेल्या जमिनीवर आम्ही दोघी उताण्या. अक्काचा हात माझ्या केसांत, आणि तिचं ते अर्धवट गुणगुणणं... मायनं तिला तूप चारलं, डोक्याला तेल चोळलं. तिच्या बांगड्या हळूहळू कोपरावरून खाली, मनगटाकडं राहू लागल्या. आणि रोज संध्याकाळी मी समुद्र खवळवायची. एकदा दाजींनी विचारलं, "काय रंजाबाई, पन आमच्या किनाऱ्याला तर डोंगराची आड हाय. तिथं काय म्हनून राह्यलाय समुद्र?"

मी कचरले नाही. "लाटा डोंगरावरून उड्या मारून राह्यल्या, दाजी!"

दाजींनी मान गंभीरपणे हलवली. "अरे बाप रे. मंग तर जानं बिलकुल जमायचं न्हाई." अक्का पदर तोंडात कोंबून आत पळाली. मला वाटलं, घाबरली. इतकी मी हुशार.

शाळा उघडायला अजून अवकाश होता. समुद्र आणखी कितीतरी दिवस खवळलेला ठेवता आला असता. पण मधे आली ती कोय.

आमच्या घरी आमरस झाला की पिळलेल्या कोयींवर माझा हक्क असे. अक्का पिळायची आणि रसाळ कोय बाजूला काढून माझ्या वाटीत टाकायची. लग्नाच्या आधीपासूनचा आमचा हा करार. त्या दुपारी शेजारच्या काकूंचं लहानगं पोरगं दाराशी येऊन उभं राहिलं, आणि अक्कानं सगळ्यांत मोठी, केसाळ, रस गळणारी कोय माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या हातात दिली. वर म्हणाली, "तू मोठी झालीस न आता." बस्स. मी वाटी ढकलली, जेवले नाही, कडब्याच्या गंजीमागं बसून राहिले आणि सूर्य बुडायची वाट बघितली. मला माहीत होतं माझं हत्यार कुठल्या फळीवर आहे.

संध्याकाळी पाट्यावर चढले. मुक्या रेडिओला कान लावला. आणि एकेक शब्द चावून सांगितला, "समुद्र शांत. वारा न्हाई. लाटा न्हाईत. मच्छीमारांनी खुशाल जावं."

मायचं भाकरी थापणं थांबलं. तो थप थप आवाज अचानक बंद झाल्यावर घर केवढं मोठं वाटलं, ते अजून कानात आहे. अंगणातून दादांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"बराबर ऐकलंस का, रंजे?"

"बराबर ऐकलं."

"सेल उतरलेत. आवाज बारीक येतो. पुन्हा एकबार ऐक."

मी पुन्हा कान लावला. एवढी संधी कुणी कुणाला देत नाही. आत नुसता चामड्याचा वास होता. "शांतच हाय," मी म्हणाले.

मग दाजी म्हणाले, "सकाळच्या गाडीनं निघू मंग," आणि दादा खाकरले. विषय मिटला.

सकाळी मी गंजीमागून बाहेर आले नाही. अक्कानं दोनदा हाका मारल्या, "रंजे... ए रंजाबाई..." दुसऱ्या हाकेला मी जवळजवळ उठलेच होते, पण स्वतःची किंमत वाढवायला अजून एक हाक होऊ द्यावी असं वाटलं. तिसरी हाक झालीच नाही. एस.टी. वेळेवर आली होती. धावत घरात गेले तर फळीवर, रेडिओजवळ, एक अख्खा आंबा ठेवलेला. अढीतला सगळ्यांत पिवळा. तिनंच ठेवलेला. मी तो दोन्ही हातांनी खाल्ला, कोपरापर्यंत ओघळ आणून. ती कोय मी जपून लावली असेल आणि आज तिथं झाड असेल, असं तुमच्या मनात आलं असेल तर सांगते – चोखली आणि उकिरड्यावर फेकली.

त्याच संध्याकाळी रेडिओ आपोआप बोलू लागला. दादांनी सेल उन्हात ठेवले असतील, असं मी धरून चालले आणि पुन्हा इमानदारीत हवामान सांगू लागले. आषाढ लागला. समुद्र खवळलेला. दुसऱ्या दिवशी खवळलेला. तिसऱ्या दिवशी अतिशय खवळलेला. त्यातला एकही शब्द माझा नव्हता. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "बंद कर बाई तो."

आणि मग एका दुपारी, भुरभुर पावसात, दाजी आले. एकटे. खांद्यावर लोखंडी पेटी. माय दारात उभी राहून त्यांच्या मागं बघत राहिली... रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिली. अक्काला ताप भरला होता. दवाखाना खाडीच्या अलीकडं, आणि समुद्र खवळलेला. तर सुटत नव्हती. दाजी रोज काठावर जाऊन तरीवाल्याच्या पाया पडत होते आणि तो त्यांना लाटा दाखवत होता. चौथ्या दिवशी पाणी निवळलं. तोवर अक्काच निवळली होती. तिकडंच सगळं करून ते आले होते. त्यांनी टाकलेली तार त्यांच्यानंतर दोन दिवसांनी आमच्या गावात पोचली.

मायनं पेटी उघडली तेव्हा घड्या न मोडलेल्या लुगड्यांखाली पांढरी वाळू होती. मी या वेळी ती चाटली नाही.

त्यानंतर आमच्या घरात हवामान कुणी ऐकलं नाही. मी ती गोष्ट – मुक्या रेडिओची, कोयीची – पोटात घालून मोठी झाले. माय गेली, तिलाही सांगितलं नाही. लग्न होऊन जालन्यात आले. मालक एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, घरात लोखंडाच्या धुळीचा वास, तीन लेकरं. मनाशी एवढंच धरून होते की अक्का आणि दाजी माझं पाखंड ओळखून होते. फसले ते फक्त दादा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या शिस्तीच्या माणसानं लेकीला गाडीत बसवलं.

लेक कॉलेजात गेली त्या वर्षी आम्ही भाड्याची जीप करून कोकणात उतरलो. खाडीवर तेव्हा पूल झाला होता. एका क्षणात ओलांडली ती खाडी... काचेला नाक लावून मी खाली पाहत होते आणि ती संपली. अक्काची पुळण तिनं सांगितली होती तशीच निघाली. एका बाजूनं डोंगराचा बाहू, बाहेर लाटा फुटताना दिसत होत्या, आणि आत पाणी परातीतल्यासारखं निवांत. मी पदर खोचून गुडघ्याइतक्या पाण्यात उभी राहिले. किती तरी वेळ. एक लाट म्हणावी अशी लाट आली नाही.

परत आल्यावर गावी गेले. दादा तेव्हा फार थकले होते. अंगणात खाटेवर पडून असायचे, उशाशी तोच रेडिओ, कव्हर तडकलेलं, बंद. त्यांच्या पायाशी बसले. माझ्या चपलेच्या खाचेत अजून थोडी पांढरी वाळू होती. तिच्याकडं ते बघत राहिले.

"पाह्यलास?"

"पाह्यला, दादा."

"कसा हाय?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं – रेडिओ मुका होता, मी खोटं बोलले होते, कोयीसाठी बोलले होते. पण निघालं ते एवढंच, जे त्या संध्याकाळी निघालं होतं.

"शांत हाय."

दादांचा हात उशाकडं गेला. त्या तडकलेल्या चामड्यावरून, मागच्या झाकणावरून, तो सावकाश फिरत राहिला. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले,

"सेल मीच काढून ठिवले होते, रंजे. अजून चार दिस खवळू द्यायचंस न गं त्याला."