आईने सोडलेले मीठ

आमच्या गावाचे पाणी खारे. शेगावच्या बाजूने पूर्णा नदीकडे उतरत गेले की काळ्या जमिनीखाली हे पाणी लागते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पितळी लोट्याच्या गळ्याशी एक पांढरी रेघ कायमची बसते. नव्या सुना पहिल्या घोटाला तोंड वाकडे करतात आणि वर्षभरात ती चव विसरतात. पिण्यासाठी आता नळाचे पाणी दुरून येते. तरी भिंतींच्या पायथ्याशी ओल वाळली की मिठाची बारीक पिठी उमलतेच. अशा गावात मिठावाचून कुणाचा जीव धोक्यात येईल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

आईला मिठाची ओढ लागली ती तिच्या पन्नाशीच्या अलीकडे. आधी ते आमच्या लक्षात आले कानांनी. दुपारी घर निजलेले असताना स्वयंपाकघरातून कर्र, कर्र असा आवाज येई. ती खडेमीठ दाताखाली फोडत असे. मग लोणच्याच्या बरणीतला खार ती वाटीत घेऊन पिऊ लागली. लिंबाची जुनी, तपकिरी झालेली फोड गालात धरून कपडे धुवायची. तिच्या श्वासालाही तो आंबट-खारट वास येई.

काकू, म्हणजे तिची थोरली जाऊ, एकाच चुलीवर तिच्यासोबत उभा जन्म काढलेली. जीभ तिखट, मन मऊ. बरणीचा तळ दिसला की ती ओसरीभर ऐकू जाईल असे म्हणे, "काय वं, दिवस गेले काय तुले या वयात? सांगून तरी दे, बाळंतिणीचे लाडू वळाले घेतो."

"तुमीच वळा अन् तुमीच खा, बाई," आई हसून म्हणायची आणि वाटी पदराआड करायची.

पुढे तिचा रंग बदलू लागला. उन्हाने माणूस रापते तसे ते नव्हते. ऊन जिथे पोचत नाही तिथेही काळोख चढत होता. बोटांची पेरे, कोपरे, लहानपणी तव्याने भाजल्याचा मनगटावरचा व्रण. तळहाताच्या रेषा तर अशा दिसत, की कुणी काजळात काडी बुडवून त्या नव्याने गिरवल्या असाव्यात. काकू मसुराच्या पिठात साय कालवून तिचे हात चोळून देई. "शेतात पदर घेत जाय डोक्यावर. कायी ठिक्कर पडली," ती म्हणे. पीठ गळून पडायचे आणि रेषा तशाच राहायच्या. आई वाळत चालली होती. उठताना ती चौकटीला धरून थांबे, डोळे मिटून, जणू आत कुठेतरी उशिरा पोचणाऱ्या रक्ताची वाट पाहत.

आमच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात मूत्रपिंडाचा आजार घरोघरी भीतीसारखा वसलेला आहे. रंग काळवंडला, माणूस थकले की पहिला संशय तोच, आणि पहिला सल्ला ठरलेला: मीठ कमी करा. आईलाही तो शेजारणींनी दिला, बाबांनी दिला, काकूने तर ताटाताटाला दिला. ऐकून ऐकून आईची खात्री पटली की आपल्याला जडलेली ही खोड आहे, जिभेचा हावरेपणा आहे. चातुर्मासात आवडती वस्तू सोडायची आमच्याकडे रीत. कुणी वांगे सोडते, कुणी गूळ. आई शेगावला दर्शनाला गेली आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मीठ सोडून आली.

"आता पाह्यतो, जीभ मोठी का मी मोठी," ती म्हणाली. काकूने समाधानाने मान हलवली. आम्हा सर्वांनाच ते शहाणपणाचे वाटले.

मी तेव्हा बुलढाण्याला नोकरीला होते. महालक्ष्म्यांच्या सणाला घरी आले तेव्हा दारात उभ्या असलेल्या बाईला ओळखायला मला क्षणभर लागला. गालांची हाडे वर आली होती. हिरड्यांवर निळसर सावली होती. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. तो हात भर भाद्रपदात थंड होता.

नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडे चाखत नाहीत. मीठ हाताच्या अंदाजाने पडते, आणि हा मान वर्षानुवर्षे आईचा होता. त्या वर्षी तिने मिठाचा डबा काकूपुढे सरकवला. "तुमीच घाला, बाई. माह्या हाताचा भरोसा नाई रायला." आंबिलीत रवी फिरवता फिरवता ती थांबली, बाजूला वळून ओकली, आणि आवाज न करता चुलीजवळ आडवी झाली. आंबिलीचा आंबूस वास, धूप, झेंडूची माळ, आणि त्या सगळ्याखाली तिचे ते हलके, घामेजलेले शरीर. बाबांनी तिला उचलले तेव्हा ते स्वतःशीच पुटपुटले, "काहीच वजन नाई."

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि मग तिचा तळहात उजेडाकडे धरला. बराच वेळ ते त्या गिरवलेल्या रेषा पाहत राहिले. त्यांनी विचारले ते एवढेच: "यांना मीठ फार खावंसं वाटत होतं का?"

काकूचा हात तोंडाकडे गेला.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्यांनी समजावले. त्यांचा स्राव अंगात मीठ धरून ठेवतो, रक्ताला जोर देतो, संकटात माणसाला उभे करतो. आईच्या त्या ग्रंथी वाळून गेल्या होत्या; बहुधा जुन्या क्षयाने. अंगात मीठ टिकतच नव्हते. म्हणून अंग ते मागत होते. जिला आम्ही हाव म्हणालो ती त्या शरीराची हाक होती.

सलाईन चढत गेले, इंजेक्शने झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या सांगितल्या आणि मीठ भरपूर खायला बजावले. आईने मान फिरवली. "कार्तिकी होऊ द्या. घेतलेला नेम टाकावं काय?"

बाबा विनवून थकले, मी रडले. शेवटी काकू खाटेशी आली. तिने पाण्याच्या बाटलीतले चार थेंब आईच्या तळहातावर टाकले, ते आपल्या ओंजळीत निथळून घेतले आणि पिऊन टाकले.

"झालं. तुहा नेम आता माह्याकडे. मी खातो अळणी. तू खाय."

"असं कुठं असते काय, बाई?"

"असते. काऊन नाई? मी थोरली हाओ का तू?"

मग तिने पुडीतले मीठ आपल्या तळहातावर घेतले. आईने ते लहान मुलासारखे चाटले. डोळे मिटून, सावकाश. त्या तोंडावर उतरलेली शांतता मी पुन्हा कोणाच्याही तोंडावर पाहिली नाही.

आई त्या हिवाळ्यात घरी होती. रंग हळूहळू निवळला, मनगटावरचा व्रण पुन्हा गुलाबी दिसू लागला. सकाळ झाली की अंगणातून काकूचा आवाज येई, "गोयी घेतली काय वं?" आणि आतून आईचा, "घेतली, थानेदारीनबाई!" वैशाखात मी सुटीवर घरी असताना तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. गोळी पोटात टिकेना. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, असे झाले तर तडक घेऊन या. आम्ही तडक निघालो. गाडीच्या काचेतून तापलेल्या काळ्या शेतांची झळ आत येत होती; आईचे डोके काकूच्या मांडीवर होते. खामगाव यायच्या आत ते जड झाले. काकूने बराच वेळ कुणाला सांगितले नाही. ती नुसती तिचे केस सारखे करत राहिली.

काकू आता थकली आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत ती अजूनही अळणी जेवते. तिच्याही रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, आणि डॉक्टर मीठ सोडल्याबद्दल तिचे कौतुक करतात. "हाव साहेब," ती म्हणते.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला मीठ मी घालते. चाखायचे नसते. मी डोळे मिटते, आईच्या मुठीचा आकार आठवते, आणि हात नको तेवढा सैल सुटतो. दरवर्षी भाजी थोडी जास्तच खारट होते. पंगत जेवते, कुणी टोमणा मारत नाही. काकू आपले बिनमिठाचे ताट पुढ्यात ओढून मला विचारते,

"खारट झालं काय वं?"

"थोडं."

"असू दे," ती म्हणते, आणि अळणी घास मोडते.